कंपालातली इदी अमीन टूर: गाईड झकास, गाडी बरी, पण गोष्ट अर्ध्यात सोडतात

पाचातले चार स्टार. हे आधीच सांगून टाकते, कारण खाली बरंच लांबड लावलंय आणि सगळे काही शेवटपर्यंत वाचणार नाहीत. टूर म्हणजे काय, तर युगांडाची राजधानी कंपाला आणि जवळच्या एंटेबेतल्या, १९७१ ते १९७९ तिथला हुकूमशहा असलेल्या इदी अमीनच्या काळातल्या जागा, आणि मग एक अख्खा दिवस मसाका रोडने खाली टांझानियाच्या बॉर्डरपर्यंत. १९७९ मध्ये टांझानियाचं सैन्य ज्या रस्त्याने वर आलं आणि अमीनला पळवून लावलं, तोच रस्ता उलटा. युगांडाला जाणारे बहुतेक जण गोरिला बघायला जातात नाहीतर जिंजाला नाईलपाशी फोटो काढतात, कंपाला म्हणजे त्यांच्यासाठी फक्त एअरपोर्टवरून आल्यावर पाठ टेकायची जागा. इतिहासाची आवड असेल तर तसं करू नका. कंपनीचं नाव टाकत नाहीये, छोटी लोकल कंपनी आहे आणि खाली थोडं वाईटही लिहिणार आहे, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. तशाही अशा टूर करणारे तिथं बरेच आहेत आणि सगळ्यांचा रूट साधारण सारखाच असतो.

आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि माझे मामा. मामांचं सांगायलाच हवं कारण त्यांच्यामुळेच ही टूर नुसती साइटसीइंग राहिली नाही. मामा फौजेतून रिटायर झालेत, ७१ ला पूर्वेच्या आघाडीवर होते, त्यामुळे एखादा हुकूमशहा आपल्याच लोकांना मारत सुटला तर बाहेरच्या देशाने सैन्य घालावं का, हा प्रश्न त्यांच्यासाठी टीव्हीवरच्या पॅनेलचा नाही. नवरा बरोब्बर उलट्या टोकाचा, त्याला लिबिया आठवतो, त्याचं म्हणणं बाहेरचा कुणीही आत घुसला की वाटच लागते, नावाला लोकशाही आणि मागून तेल. गाडीत पूर्ण वेळ ह्या दोघांची जुंपलेली, मधल्या सीटवर मी.

गाडी म्हणजे सफारीवाल्यांची ती छप्पर वर होणारी व्हॅन, एसी होता पण चढावर ड्रायव्हर बंद करायचा. पिकअप वेळेवर. कंपालाचा ट्रॅफिक हा वेगळाच विषय आहे, बोडाबोडा म्हणजे तिथल्या मोटरसायकल टॅक्स्या चारी बाजूंनी घुसतात, पुण्याची सवय असूनही मी दोनदा डोळे मिटले. सकाळी लवकर निघा म्हणतात ते ऐका.

पहिली जागा मेंगो टेकडीवरचा लुबिरी, म्हणजे बुगांडाच्या (युगांडातलं एक जुनं राज्य) राजाचा, कबाकाचा राजवाडा. वाडा बाहेरूनच बघायचा, आत सोडत नाहीत. मे १९६६ मध्ये देशाचा अध्यक्ष ओबोटे ह्याने ह्या वाड्यावर सैन्य घातलं आणि त्या सैन्याचा म्होरक्या होता इदी अमीन. कबाका पळून लंडनला गेला, तिथंच १९६९ मध्ये वारला. म्हणजे ओबोटेने ज्याला दुसऱ्यावर सोडला तोच पुढं जानेवारी १९७१ मध्ये ओबोटे कॉमनवेल्थच्या मीटिंगला सिंगापूरला गेलेला असताना त्याच्याच खुर्चीत बसला. वाड्याच्या मागच्या बाजूला उतारावरून खाली गेलं की काँक्रीटचं एक भुयार लागतं. मुळात दारूगोळा ठेवायला इस्रायली लोकांनी बांधून दिलेलं, तेव्हा त्यांची अमीनशी दोस्ती होती, नंतर अमीनने त्याची कोठडी केली. एका बोळाच्या बाजूला खोल्या, मधे पाणी भरायचे आणि त्यात करंट सोडायचे, म्हणजे पळायचा प्रश्नच नाही. भिंतींवर हाताचे ठसे आहेत. गाईड इथं किती मेले ह्याचा एक आकडा सांगतो, तो ऐकून घ्या पण लिहून घेऊ नका, कारण नोंदी ठेवणारं कुणी नव्हतं. पूर्ण देशाचेच अंदाज ८० हजारांपासून तीन लाखांपर्यंत आणि त्याच्याही वर जातात. आतमध्ये उजेड कमी आहे, पावसात खाली पाणी साचतं, चांगले बूट घाला. दहा-बारा वर्षांच्या आतली मुलं नेऊ नका, प्लीज. आमच्या पुढच्या ग्रुपमध्ये एक लहान मुलगी होती, ती बाहेर आली ती आईचा हात सोडायलाच तयार नव्हती.

इथं मामांनी गाईडला विचारलं, हे आठ वर्षं चाललं तर जगाला माहीत नव्हतं का? आणि गाईड खरंच चांगला असल्याचं मला तिथं कळलं, कारण त्याने पाठ केलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि व्यवस्थित सांगायला लागला. माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. सरन्यायाधीश बेनेडिक्टो किवानुका १९७२ मध्ये गायब केला, आर्चबिशप जनानी लुवुमला फेब्रुवारी १९७७ मध्ये मारला आणि कार अपघात म्हणून जाहीर केलं, हे काही गुपित नव्हतं. अमीन मुळात ब्रिटिशांच्याच किंग्ज आफ्रिकन रायफल्समध्ये वर चढलेला माणूस, सत्ता घेतली तेव्हा लंडनला बरंच वाटलं होतं, ओबोटे त्यांना डावा वाटायचा. पुढं बिनसलं तरी धंदा चालूच. लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावरून एंटेबेला विमानं यायची, व्हिस्की, रेडिओ, चैनीच्या वस्तू भरून, अमीनच्या फौजी लोकांना खूश ठेवायला, आणि जाताना कॉफी घेऊन जायची. युगांडाच्या कॉफीचे मोठे गिऱ्हाईक अमेरिकन कंपन्या. अमेरिकेने व्यापारबंदी केली ती थेट १९७८ च्या ऑक्टोबरात. म्हणजे सैन्य पाठवावं का वगैरे खूप पुढची गोष्ट, आधी त्याच्या शिपायांना दारू पुरवणं तर थांबवा. हस्तक्षेप ह्या विषयावर लोक बोलतात तेव्हा जणू आधी काहीच हस्तक्षेप नव्हता असं धरून चालतात. बाहेरचे देश तिथं होतेच की, फक्त चुकीच्या बाजूने होते.

नवरा म्हणाला, "बघ, मी हेच म्हणतोय." मामा म्हणाले, "तू हे अजिबात म्हणत नव्हतास."

दुसरी जागा जुन्या कंपालाच्या टेकडीवरची राष्ट्रीय मशीद. बायकांना गेटवर ओढणी आणि गुंडाळायला कापड देतात, वेगळा ड्रेस न्यायची गरज नाही. मनोऱ्यावर चढायला पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखत असतील तर खालीच थांबा, पण वरून सगळ्या टेकड्या, टॅक्सी पार्क, जुनं शहर असं पूर्ण कंपाला दिसतं आणि गाईड वरूनच कुठली टेकडी कुणाची ते दाखवतो. ही मशीद अमीनच्या काळात सुरू झाली, मग अर्धवट पडून राहिली, शेवटी गद्दाफीच्या पैशाने पूर्ण झाली. बरीच वर्षं तिला गद्दाफी मशीदच म्हणायचे. हाच गद्दाफी, ज्याने १९७९ मध्ये अमीनला वाचवायला दोन-तीन हजार सैनिक पाठवले होते. बाहेरचा हस्तक्षेप म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हुकूमशहाला हटवायला येणारे येतात, वाचवायला येणारेही असतातच. मनोऱ्यावरून शहर बघताना हे ऐकायला मिळतं, टूरमधला हा भाग मला सगळ्यात आवडला.

मग नाकासेरो, जिथं अमीनची हेरसंस्था, स्टेट रिसर्च ब्यूरो होती. इथं गाडी थांबवत नाहीत, फोटो काढायचे नाहीत, आजूबाजूला सरकारी ऑफिसं आणि बंदोबस्त. दोन मिनिटांत संपतं. ब्रोशरमध्ये मात्र असं लिहिलंय की जणू आत नेणार आहेत, हे बरोबर नाही.

जेवणाचं सांगते. टूरमध्ये एक दुपारचं जेवण धरलेलं आहे, मटोके म्हणजे उकडून कुस्करलेली कच्ची केळी आणि वर शेंगदाण्याची आमटी, गुलाबी रंगाची. शाकाहारी माणसाला एकदम चालतं. मीठ-तिखट कमी, मामांनी खिशातून चटणीची पुडी काढली. रस्त्यावर रोलेक्स खा, घड्याळ नाही, चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट, आणि ती चपाती आपल्याच लोकांनी तिकडे नेलेली. रेल्वे बांधायला आलेले मजूर, मग दुकानदार, मग सरकारी कचेऱ्यांतले कारकून. कारकुनांमध्ये गोव्याचे लोक भरपूर, कंपाला आणि एंटेबेत गोवन इन्स्टिट्यूट होत्या. ऑगस्ट १९७२ मध्ये अमीनने ह्या सगळ्यांना नव्वद दिवसांची मुदत दिली, नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत देश सोडा. पन्नास हजारांच्या वर माणसं. सुमारे २७-२८ हजार ब्रिटनने घेतली, काही कॅनडाला, काही रेल्वेने मोंबासाला आणि तिथून बोटीने मुंबईला. गाईडने हा भाग आम्ही भारतीय म्हणून जरा घाबरत घाबरत सांगितला, आणि हेही सांगितलं की तेव्हा बऱ्याच युगांडन लोकांना हे पटलं होतं, दुकानं आपल्याला मिळणार म्हणून. मला त्याचा हा प्रामाणिकपणा आवडला. दुकानं फौजी लोकांनी वाटून घेतली, माल संपला आणि साखर-साबण मिळेना. पुढं नव्वदच्या दशकात बऱ्याच जणांच्या मिळकती परत दिल्या गेल्या, आज पुन्हा मोठमोठे धंदे त्यांचेच. तेव्हा बाहेरच्या देशांनी हाकललेली माणसं उचलली आणि बाकीच्या युगांडाला आहे तिथं सोडून दिलं.

एंटेबेलाही तेच, फक्त बंदुकीसकट. २७ जून १९७६ ला एअर फ्रान्सचं विमान पळवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे इथं आणलं, अमीन अपहरणकर्त्यांच्या बाजूला. ३ जुलैच्या रात्री इस्रायली कमांडो उतरले, दीडेक तासात शंभरच्या वर ओलिसांना, बहुतेक इस्रायलीच, घेऊन गेले. जुनी टर्मिनल इमारत बांधणारी कंपनी इस्रायलीच असल्यामुळे नकाशे त्यांच्याकडे होतेच. ही गोष्ट सगळ्यांना सिनेमासारखी माहितीये. पण गाईड पुढचं सांगतो ते जास्त महत्त्वाचं: ओलिसांपैकीच पण तेव्हा हॉस्पिटलमध्ये असलेल्या डोरा ब्लॉक नावाच्या म्हाताऱ्या बाईंना नंतर मारून टाकलं, आणि इस्रायली विमानांना नैरोबीत इंधन मिळालं म्हणून युगांडात राहणाऱ्या केनियन लोकांवर सूड उगवला, शेकडो मेले. बाहेरचे आले, आपली माणसं घेऊन गेले, किंमत मागे राहिलेल्यांनी भरली. जुना कंट्रोल टॉवर लष्करी हद्दीत आहे, परवानगीशिवाय जवळ जाता येत नाही, आमची परवानगी कंपनीने वेळेत काढलीच नव्हती. लांबून बघितलं. ह्याचे पैसे परत मागितले तर मिळाले नाहीत, अर्धा स्टार इथं गेला.

आता मसाका रोड, टूरचा मुख्य भाग. वाटेत कायाब्वेला विषुववृत्त लागतं, तिथं पांढरी कडी आहेत आणि पाणी इकडे असं फिरतं तिकडे तसं फिरतं हा खेळ पैसे घेऊन दाखवतात, ती निव्वळ हातचलाखी आहे, फोटो काढा आणि पुढं चला. लुकायाला गाडी थांबली की पोरं खिडकीशी भाजलेली केळी आणि मांसाच्या काड्या घेऊन धावत येतात. त्या गोंधळात लक्षात येत नाही, पण मार्च १९७९ ची सगळ्यात मोठी लढाई इथंच दलदलीच्या बाजूला झाली. आधी लिबियन आणि युगांडन फौजेने टांझानियाला मागे रेटलं, मग टांझानियाची एक ब्रिगेड रात्रीत वळसा घालून मागे आली आणि दुसऱ्या दिवशी निकाल लागला. मामा इथं व्हॅनमधून उतरून बराच वेळ नुसते रस्त्याच्या उंचीकडे आणि दलदलीकडे बघत होते. गाईड त्यांना 'म्झे' म्हणायचा, तिकडे वयस्कर माणसाला मानाने तसंच म्हणतात, आणि त्या दोघांनी काडीने मातीत नकाशा काढून ती लढाई पूर्ण परत खेळली. आम्ही केळी खात बसलो.

युद्ध सुरू कसं झालं ते माहीत नसेल तर थोडक्यात. अमीनच्या फौजेत बंडाळी, कॉफीचे भाव पडलेले. ऑक्टोबर १९७८ मध्ये त्याचं सैन्य टांझानियात घुसलं आणि कागेरा नदीपर्यंतचा १८०० चौरस किलोमीटरचा पट्टा आपला म्हणून जाहीर केला. लूट, जाळपोळ, शेकडो गावकरी मारले. टांझानियाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे रेडिओवर म्हणाले, त्याला ठोकायची ताकद आमच्याकडे आहे, कारण आहे, आणि इरादाही आहे. तिकडे हे वाक्य आजही लोकांच्या तोंडी आहे. पुढं टांझानियाच्या सैन्याने कागेरा मोकळा केला. आणि खरा प्रश्न इथं सुरू होतो. आपली जमीन परत मिळवली, इथपर्यंत कुणाचीच हरकत नाही, हा स्वसंरक्षणाचा भाग. पण त्याच्या पुढं बॉर्डर ओलांडून कंपालापर्यंत जाणं? १९६३ च्या आफ्रिकी एकता संघटनेच्या सनदेत स्पष्ट होतं की दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नाही. ही संघटना म्हणजे तीच, जिने १९७५-७६ मध्ये खुद्द अमीनला अध्यक्ष केलं होतं, कंपालात परिषद भरवली, न्येरेरे गेले नाहीत. अमीन घुसला तेव्हा संघटनेने त्याचा साधा निषेध केला नाही, आणि न्येरेरेंनी त्याला हाकलल्यावर जुलै १९७९ च्या मन्रोव्हिया परिषदेत सुदानचे निमेरी आणि नायजेरियाचे ओबासांजो टांझानियालाच बोल लावत होते. दोघेही लष्करी सत्ताधीश. आता त्यांना सार्वभौमत्वाची एवढी काळजी का होती हे काय वेगळं सांगायला हवं?

माझं मत विचाराल तर न्येरेरे बरोबर होते. बॉर्डरवर थांबले असते तर अमीन सहा महिन्यांनी परत आला असता. आणि त्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट, खर्च त्यांनी स्वतः सोसला. ५० कोटी डॉलरच्या आसपासचा आकडा नेहमी सांगितला जातो, टांझानियासारख्या गरीब देशाला तो झेपलाच नाही, तिथली अर्थव्यवस्था पुढची कित्येक वर्षं सावरली नाही. तेल नव्हतं, हिरे नव्हते. त्याच वर्षी सप्टेंबरात फ्रान्सने मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात तिथला हुकूमशहा बोकासा ह्याला हटवलं, तो बाहेर गेलेला असताना सैन्य उतरवून. पण दोनच वर्षांपूर्वी ह्याच बोकासाच्या सम्राट म्हणून झालेल्या राज्याभिषेकाला मदत फ्रान्सचीच होती, आणि हटवल्यावर आपल्या मर्जीतला माणूस बसवला. दोन्हीला 'बाहेरचा हस्तक्षेप' म्हणायचं म्हणजे कमाल आहे. नवरा म्हणतो न्येरेरे तरी कुठले लोकशाहीवादी, एकपक्षीय राज्य, लोकांना जबरदस्तीने गावांमध्ये हलवलं. खरंय. पण शेजाऱ्याच्या घरातले किंचाळणारे आवाज ऐकून दार तोडणारा माणूस संतच असायला हवा असं थोडंच आहे. (गंमत म्हणजे न्येरेरेंना संतपद द्यावं म्हणून कॅथलिक चर्चमध्ये खरोखर प्रक्रिया चालू आहे, आणि कंपालाजवळच्या नामुगोंगोला त्यासाठी प्रार्थना होतात.)

मसाकाला पोचल्यावर मात्र मामाही गप्प झाले. टांझानियाच्या सैन्याने कागेराचा राग ह्या शहरावर काढला, तोफांनी आणि नंतर सुरुंगाने इमारती पाडल्या, म्बरारा शहराचंही तेच. न्येरेरेंना स्वतःला ते बघून धक्का बसला आणि पुढं नागरी वस्तीला हात लावायचा नाही असा हुकूम निघाला, पण मसाकाचं व्हायचं ते झालं होतं. गाईडचं आजोळ मसाकाचं. तो म्हणाला, माझी आजी अमीन गेला म्हणून नाचली आणि त्याच आठवड्यात तिच्या भावाचं दुकान कुणी पाडलं हेही तिने कधी विसरू दिलं नाही. त्याच्यापुढं त्याने काही जोडलं नाही आणि आम्हीही काही विचारलं नाही.

मुटुकुला बॉर्डर टाऊनला जाऊन परत. पलीकडे क्याकाचा पूल आणि पडलेलं चर्च बघायचं असेल तर टांझानियाचा वेगळा व्हिसा लागतो, पूर्व आफ्रिकेचा तो कॉमन टुरिस्ट व्हिसा फक्त युगांडा, केनिया, रवांडाला चालतो, हे कंपनीने आधी सांगितलं नाही. यलो फीव्हरचं कार्ड जवळ ठेवा.

आणि इथं टूर संपते. ११ एप्रिल १९७९, कंपाला पडलं, लोक रस्त्यावर आले, अमीन लिबियाला पळाला, नंतर सौदीला, २००३ मध्ये जेद्दाहमध्ये अंथरुणातच मेला, एक दिवस कोर्टात उभा राहिला नाही. गाईड म्हणतो थँक यू, हॉटेलला सोडतो. ब्रोशरमध्ये शेवटच्या पानावर झेंड्याचा फोटो. बाकीचा अर्धा स्टार मी इथं कापला, आणि खरं तर पूर्ण कापायला हवा होता.

कारण खरी गोष्ट त्याच्या पुढं आहे. कंपाला पडायच्या दोन आठवडे आधी टांझानियातल्या मोशी गावात परागंदा युगांडन नेत्यांची घाईघाईत परिषद झाली, युसुफ लुले नावाचे प्राध्यापक अध्यक्ष ठरले. ६८ दिवस टिकले. मग बिनायसा, ते वर्षभर. मग लष्करी आयोग. डिसेंबर १९८० ची निवडणूक, जिचा निकाल अर्ध्या देशाने मानला नाही, आणि अध्यक्ष कोण तर परत ओबोटे, ज्याने अमीनला मोठा केला होता आणि जो इतकी वर्षं न्येरेरेंच्या आश्रयाला होता. टांझानियाचं सैन्य १९८१ मध्ये परत गेलं तोवर पुढं अध्यक्ष झालेल्या मुसेवेनींचं बंड सुरू झालेलं, आणि कंपालाच्या उत्तरेच्या लुवेरो भागात जे झालं त्यात लाखाच्या वर माणसं गेल्याचे अंदाज आहेत. म्हणजे अमीन नसताना. हा भाग टूरमध्ये नाहीच.

रात्री हॉटेलवर मामांना मी विचारलं की तुमच्या ७१ मध्ये आणि ह्यात फरक काय. त्यांनी जे सांगितलं ते मला एकदम पटलं. ते म्हणाले, "अगं, आम्ही आत गेलो तेव्हा तिथं आधीच निवडणूक झालेली होती. सत्तरची. मुजीब जिंकलेला होता, त्याला पाकिस्तानने जेलमध्ये टाकलं होतं. आम्ही ज्याचं होतं त्याच्या हातात दिलं आणि मार्चमध्ये आपलं सैन्य घरी. ह्या न्येरेरेंनी कुणाच्या हातात द्यायचं? मोशीत बसून माणूस निवडायचा होता." नवरा लगेच म्हणाला, मुजीबलाही ७५ मध्ये मारलंच की. मामा म्हणाले, "मारलं. पण ते त्यांच्यातल्यांनी. आम्ही बसवलेला होता म्हणून नाही."

ह्याच मापाने २०१७ चं गांबिया बघा. याह्या जामेह बावीस वर्षं सत्तेवर, डिसेंबर २०१६ ची निवडणूक हरला, आधी हार मानली, मग आठवड्यात फिरला. शेजारच्या देशांनी, मुख्य सेनेगलने, बॉर्डरवर सैन्य आणलं, जिंकलेल्या अडामा बॅरोने डकारमधल्या गांबियाच्या वकिलातीत शपथ घेतली आणि दोन दिवसांत जामेह विमानात बसला, लढाई अशी झालीच नाही. कारण आत मतदान झालेलं होतं आणि बाहेरच्यांनी फक्त निकाल लागू करून दिला. आणि २०११ चा लिबिया, सुरक्षा परिषदेचा ठराव, तेव्हा भारत तटस्थ राहिला, नाटोची विमानं, ऑक्टोबरात गद्दाफी मेला, आणि मग हातात द्यायला कुणीच नाही, शस्त्रं मालीपर्यंत पसरली. नवऱ्याचा मुद्दा मला इथं मान्य आहे. फक्त तो त्यावरून 'कधीच नको' म्हणतो आणि मला ते लुबिरीचं भुयार बघून आल्यावर म्हणता येत नाही. त्या जुन्या एकता संघटनेच्या जागी आलेल्या आफ्रिकी संघाने २००० च्या आपल्या नव्या सनदेत नरसंहार आणि तसल्या गुन्ह्यांमध्ये आत जायचा हक्क लिहूनच ठेवलाय, म्हणजे जुन्या सनदेचा धडा त्यांनाही मिळाला असणार. तो हक्क किती वापरतात हा भाग वेगळा. जामेह कुठं गेला माहितीये? इक्वेटोरियल गिनीला, जिथं १९७९ च्याच ऑगस्टात काकाला हटवून बसलेले ओबियांग अजून खुर्चीत आहेत.

परत टूरकडे. १९८६ नंतरचं काही विचारलं की गाईड हसून विषय बदलायचा. मुसेवेनी जानेवारी १९८६ मध्ये सत्तेवर आले, न्येरेरेंच्याच विद्यापीठात शिकलेले, टांझानियाच्या सैन्याबरोबर लढलेले, आणि तेव्हा म्हणायचे की आफ्रिकेचा प्रॉब्लेम म्हणजे खुर्ची न सोडणारे नेते. २००५ मध्ये अध्यक्षपदाच्या टर्मची मर्यादा काढली, २०१७ मध्ये वयाची. २०२१ च्या निवडणुकीनंतर विरोधक बॉबी वाईनच्या घराला सैन्याचा वेढा होता. अमीनशी तुलना होऊ शकत नाही हे मलाही कळतं, कंपालात लोक मोकळेपणाने धंदे करतात, रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर असतात. पण सोमालियात युगांडाचं सैन्य पाश्चात्त्य देशांना सोयीचं आहे, तोवर बाहेरून कुणी जोरात बोलणार नाही, आणि ह्याच कारणाने टूरवाल्यांना १९७९ ला थांबावं लागतं हेही मी समजू शकते. गाईडला दोष नाही. त्याला तिथंच राहायचंय. त्याला तुम्हीही ह्या विषयावर फार छेडू नका, टिप मात्र चांगली द्या, ड्रायव्हरलाही वेगळी.

बुकिंगचं: डॉलर नवे आणि न फाटलेले न्या, जुन्या सालाच्या नोटा घेत नाहीत आणि छोट्या नोटांना भाव कमी देतात. मसाकाचा दिवस वेगळा घेतला तर महाग पडतो, पूर्ण पॅकेज घ्या. एंटेबेच्या परवानगीचं बुकिंगच्या आधी लेखी विचारा. आणि लुवेरोचं मी कंपनीला मेल करून विचारलं, तर त्यांचं उत्तर आलं की नेऊ शकतो, अर्ध्या दिवसाचे वेगळे पैसे, तिथं जुनी सामूहिक थडगी आहेत, पण गाईड दुसरा देऊ आणि ते वेबसाइटवर टाकत नाही. तर विचारलंत तरच मिळेल. मागून घ्या.